एअरबॅग उघडलेली इलेक्ट्रिक गाडी: ओळखीचं गॅरेज की कंपनीचं वर्कशॉप?

गाडी घेऊन साडेतीन महिने झाले होते. सातारा रस्त्यावर खेड शिवापूरच्या अलीकडे पुढच्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला, मीही मारला, पण अंतर कमी पडलं. दोन्ही एअरबॅग उघडल्या. आम्हाला कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पुढचा बंपर, बोनेट, डावा फेंडर आणि डावा हेडलाइट गेला, आणि आदळल्यावर गाडी दुभाजकाच्या कडेला पोटाने घासली. पुढे निर्णयाची गोची झाली ती उघडलेल्या एअरबॅगमुळे आणि या शेवटच्या घासण्यामुळे, कारण इलेक्ट्रिक गाडीची मोठी बॅटरी पोटाशीच असते.

क्लेम कसा कळवायचा, फोटो कसे काढायचे हे तुम्हाला माहीत असणार, ते सांगत बसत नाही. गाडी उचलून न्यायला आली की ती नेमकी कुठे न्यायची, हा प्रश्न मात्र रस्त्यावर उभं असताना दहा मिनिटांत सोडवावा लागतो. माझ्यासमोर दोन पत्ते होते. एक बारा वर्षांच्या ओळखीच्या मिस्त्रींचं पुण्यात धनकवडीतलं गॅरेज, दुसरं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला असलेलं कंपनीचं अधिकृत वर्कशॉप. मी आधी पहिल्याकडे गेलो आणि मग दुसऱ्याकडे, त्यामुळे एकाच गाडीवर दोन्ही पाहून झाले.

आधी मिस्त्रींची बाजू सांगतो, कारण ती खरंच भक्कम आहे. आमच्या दोन जुन्या पेट्रोल गाड्या त्यांनी सांभाळल्या. पत्र्याच्या कामात त्यांचा हात असा आहे की ठोकून सरळ केलेल्या फेंडरवर ते डोळे मिटून बोटं फिरवतात आणि नेमका कुठे उंचवटा राहिलाय ते सांगतात. त्यांचा अंदाज होता १ लाख ३८ हजार. पुढे वर्कशॉपने दिलेला अंदाज होता २ लाख ६४ हजार. फरकाचं मुख्य कारण म्हणजे मिस्त्री बोनेट आणि फेंडर दुरुस्त करणार होते, वर्कशॉप दोन्ही बदलणार होतं. शिवाय मिस्त्रींकडे रोज संध्याकाळी जाऊन काम बघता येतं. वर्कशॉपमध्ये काचेच्या अलीकडे बसावं लागतं आणि ‘पार्ट ट्रान्झिटमध्ये आहे’ हे एकच वाक्य आठवड्यातून तीनदा ऐकावं लागतं. मला एकूण ४१ दिवस लागले. त्यातले बरेचसे एअरबॅगच्या सामानाची आणि एका हेडलाइटची वाट बघण्यात गेले. मला याचा खूप त्रास झाला, आणि घाई असणाऱ्याला वर्कशॉप नकोसं वाटलं तर त्यात त्याची काहीच चूक नाही.

पण मिस्त्रींकडचे ते अकरा दिवस मी विसरू शकत नाही.

एअरबॅग उघडल्या की इलेक्ट्रिक गाडी स्वतःहून हाय व्होल्टेज तोडते. मोठा बॅटरी पॅक बाकीच्या गाडीपासून अलग होतो. हे आपल्या सुरक्षेसाठीच आहे आणि फार चांगलं आहे. पण पॅक अलग झाला की त्यावर चार्ज होणारी छोटी १२ व्होल्टची बॅटरीही उपाशी राहते. आमचे हॅझार्ड लाइट रात्रभर चालू राहिले आणि सकाळी ती बॅटरी ठार मेली. पार्किंग ब्रेक बटणावरचा, म्हणजे तो आवळलेलाच राहिला. गाडी गॅरेजच्या बरोबर तोंडाशी. मिस्त्रींनी बाहेरून बॅटरी जोडली, स्क्रीन उजळला, पण गाडी न्यूट्रलला जायला तयार नाही. आत दोन गाड्या अडकलेल्या, त्यांचे मालक रोज फेऱ्या मारतायत. शेवटी चाकांखाली छोट्या ट्रॉल्या सरकवून सहा माणसांनी गाडी ढकलून बाजूला घेतली.

मिस्त्रींनी चार दिवस विचारपूस केली, ओळखीच्या दोन ऑटो इलेक्ट्रिशियनना बोलावलं. एअरबॅगचा कंट्रोल युनिट बदलायचा, एरर काढायचे, पॅक पुन्हा जोडायचा, हे सगळं कंपनीच्या लॅपटॉपशिवाय होत नाही असं दोघांनीही सांगितलं. मग एका संध्याकाळी मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, पत्रा कितीही सांगा. त्या नारिंगी वायरीला मी हात लावणार नाही, आणि माझ्या पोरांनाही लावू देणार नाही.” हाय व्होल्टेजच्या वायरी नारिंगी असतात. मला त्यांचा तेव्हा फार आदर वाटला. हे स्पष्ट न सांगता काम रेटणारेही असतील.

गाडी दुसऱ्यांदा फ्लॅटबेडवर (अख्खी गाडी पाठीवर नेणाऱ्या ट्रकवर) चढली. विम्यातली टोइंगची मदत पहिल्या फेरीत वापरून झाली होती, म्हणून हे साडेचार हजार माझ्या खिशातून गेले. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने गाडी गॅरेजमध्ये पाहिली होती, त्याला वर्कशॉपमध्ये पुन्हा बोलवावं लागलं, अंदाजपत्रक नव्याने बनलं, मंजुरी नव्याने. अकरा दिवस गेले आणि गाडीचा एक नटसुद्धा हलला नव्हता. माझ्या मते निर्णय इथेच लागला. एअरबॅग उघडलेली इलेक्ट्रिक गाडी आज ना उद्या कंपनीच्या लॅपटॉपपाशी जाणारच असेल, तर तिला आधी दुसरीकडे नेण्यात काय मिळतं हे मला अजूनही सांगता येत नाही.

वर्कशॉपमध्ये एक गोष्ट मी आग्रह धरून जवळून पाहिली. गाडी लिफ्टवर होती. पॅकवर काम करणाऱ्या मुलाने रबरी हातमोजे घेतले, मनगटाकडून गुंडाळत आत हवा कोंडली आणि गालाजवळ धरून कुठून हवा सुटतेय का ते तपासलं. एवढंसं भोक असलं तरी तो मोजा बाद. मग त्याने सर्व्हिस प्लग (हाय व्होल्टेज हाताने तोडण्याचा खटका) काढला आणि दुसऱ्या कुणी चुकून बसवू नये म्हणून स्वतःच्या खिशात ठेवला. दहा मिनिटं नुसता थांबला. कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज उतरायला तेवढा वेळ द्यावा लागतो. मग मीटर लावून शून्य दिसल्यावरच खालचं कव्हर उघडलं. पॅकच्या तळाला वीतभर लांब ओरखडा होता, पोचा नव्हता. इन्सुलेशन तपासलं, सगळ्या सेलचे व्होल्टेज काढले आणि आकड्यांसकट छापील कागद माझ्या हातात दिला.

वर्कशॉपचं पारडं माझ्या लेखी आणखी जड झालं ते या कागदाने. बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी बऱ्याच गाड्यांवर असते. उद्या चार वर्षांनी पॅकने दगा दिला आणि कंपनीने जुन्या अपघाताकडे बोट दाखवलं, तर मिस्त्रींच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास असून मला तिथे काय दाखवता आलं असतं? रंगाच्या भट्टीचंही असंच. तिथलं साधारण ६० अंशांचं तापमान पत्र्यावरच्या रंगाला हवं असतं, पॅकला ते फार वेळ सोसायला लावू नये. वर्कशॉपमध्ये त्यासाठी वेळेची मर्यादा भिंतीवर लिहिलेली होती.

पैशांचं थोडक्यात सांगतो. तुमच्याकडे झिरो डेप (घसारा, म्हणजे भाग जुने झाल्याची कपात, न करणारा विमा) असेल तर वर्कशॉपचा मोठा आकडा तुम्हाला फारसा भिडत नाही, कारण कॅशलेसमध्ये तो परस्पर विमा कंपनी भरते. विमा कंपनीच्या नेटवर्कबाहेरच्या गॅरेजमध्ये आधी स्वतः भरून मग मागायचे. झिरो डेप नसेल तर मात्र नीट विचार करा. पत्र्यावर पहिले ६ महिने घसारा शून्य असतो, पण प्लॅस्टिक, एअरबॅग आणि बॅटरी यांवर ५० टक्के कापतात. समजा पॅकच बदलायला निघाला आणि त्याचे ६ लाख झाले, तर ३ लाख तुमचे. अशा वेळी ओरखडा बघून कुणी सरसकट ‘पॅक बदला’ म्हणालं तर आधी तपासणीचे आकडे मागा. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉसमध्ये जाते, म्हणजे दुरुस्तीपलीकडची धरली जाते, आणि पॅक अंदाजपत्रकात आला की हा आकडा गाठायला वेळ लागत नाही. माझ्या बाबतीत वर्कशॉपने पॅक वाचवला. सगळीकडे असंच होईल असं मी म्हणत नाही. तपासण्याआधीच नवा पॅक लिहून देणारं वर्कशॉपही तुम्हाला भेटू शकेल, तेव्हा सर्व्हेअरसमोरच तपासणी करायला सांगा.

माझ्या मेहुण्याचा अनुभव उलटा आहे आणि तोही सांगायला हवा. त्याच्या इलेक्ट्रिक गाडीला सिग्नलवर मागून रिक्षा लागली. डिकीचं दार आणि बंपर, बाकी काही नाही. त्याने गाडी स्वतः चालवत गॅरेजमध्ये नेली, चौथ्या दिवशी परत आणली, काम देखणं झालंय. म्हणून माझं म्हणणं एवढंच की एअरबॅग उघडली असेल, गाडी चालू होत नसेल किंवा खालून काहीही लागलं असेल, तर टो करणाऱ्याला थेट वर्कशॉपचा पत्ता द्या आणि दिवस जातील याची मनाची तयारी ठेवा. फ्लॅटबेडच मागवा, कुठलीही चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. गाडी फ्लॅटबेडवर चढली की १२ व्होल्टच्या बॅटरीची वायर काढून ठेवायला सांगा, म्हणजे ती रात्रभरात उतरणार नाही.

मागच्या महिन्यात सोसायटीच्या गेटला मागचं दार घासलं. ती गाडी मी धनकवडीलाच नेली. मिस्त्रींनी दाराकडे नंतर पाहिलं. आधी गुडघे टेकून, मोबाइलचा टॉर्च लावून गाडीच्या पोटाखाली वाकले आणि विचारलं, “खाली कुठे लागलं नाही ना?” नाही म्हटल्यावर पोराला हाक मारून म्हणाले, “घे, उद्या संध्याकाळी द्यायचीय.”