मोफत शिबिरातला डॉपलर आणि दोन्ही पायांचं लेझर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या एका बावन्न वर्षांच्या हमालाची ही फसवणूक. डाव्या पोटरीवर फुगलेल्या शिरांच्या गाठी (व्हेरिकोज व्हेन्स), संध्याकाळी घोट्याला सूज, रात्री पायात गोळे. उजव्या पायावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक जांभळ्या रेषा, त्रास काहीच नाही. एका मंगल कार्यालयात ‘शिरांची मोफत तपासणी’ होती, म्हणून गेले. टेबलावर आडवं झोपवून दोन-तीन मिनिटं डॉपलरचं, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचं, मशीन फिरवलं आणि सांगितलं, “दोन्ही पायांत अशुद्ध रक्त साठलंय. गँगरीन झालं तर पाय काढावा लागेल.” आजच नाव नोंदवलं तर दोन्ही पायांचं लेझर, म्हणजे शीर आतून जाळून बंद करणं, ९०,००० ऐवजी ६०,०००. घरातलं सोनं गहाण ठेवून त्यांनी पैसे भरले. वर शिरांवर दाब देणाऱ्या घट्ट ‘फ्री साइज’ मोज्यांचे २,५०० वेगळे.

काही महिन्यांत डावा पाय पुन्हा तसाच. मिरजेत उभं करून डॉपलर केला तेव्हा खरा दोष गुडघ्यामागून पोटरीत उतरणाऱ्या छोट्या शिरेत निघाला. ती शीर शिबिरात कुणी बघितलीच नव्हती. बंद केली होती ती जांघेपासून घोट्यापर्यंत जाणारी मोठी शीर, तीही दोन्ही पायांची. हृदयाची बायपास करायची वेळ आली तर बहुतेक वेळा हीच शीर काढून वापरतात. म्हणून ती विनाकारण जाळणं हे पैसे बुडण्यापेक्षा मोठं नुकसान आहे.

हा सगळा खेळ तपासणीतच होतो. पायाच्या शिरांमध्ये वर चढलेलं रक्त खाली येऊ न देणाऱ्या झडपा असतात. त्या सैल झाल्या की रक्त उलटं खाली येतं आणि शीर फुगते. उलटा प्रवाह दिसायला माणूस उभा हवा, वजन दुसऱ्या पायावर हवं, पोटरी दाबून सोडायची आणि रक्त किती वेळ मागे येतं ते मोजायचं. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ आलं तर दोष धरतात. नीट केलेल्या तपासणीला एका पायाला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. रिपोर्टमध्ये मोठी शीर, छोटी शीर, खोलवरच्या शिरा असं वेगवेगळं लिहिलेलं हवं, शिरेची जाडी मिलिमीटरमध्ये आणि उलट्या प्रवाहाचा वेळ सेकंदात हवा. या हमालाच्या रिपोर्टवर एकच ओळ होती: ‘दोन्ही पायांत दोष, लेझरचा सल्ला.’ असा कागद हातात पडला तर एक रुपयाही देऊ नका.

गँगरीनची भीती तर सरळ खोटी. गँगरीन बहुतेक वेळा रक्त पायाकडे नेणाऱ्या धमन्या तुंबल्याने होतं. फुगलेल्या शिरांचा आजार वाढला तर घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळी पडते, खाज सुटते, कडक होते आणि शेवटी न भरणारी जखम होते. हे व्हायला वर्षं जातात, त्यामुळे ‘आजच ठरवा’ म्हणण्याचं कारणच नसतं. घाई करावी लागते ती दोन वेळा. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर खोल शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि पाय अजिबात चोळू नका. शीर फुटून रक्त आलं तर आडवं व्हा, पाय उंच करा, स्वच्छ कापडाने जागेवर दाबून धरा. वर दोरी आवळू नका, रक्त आणखी वाढतं. गावोगावी तेल रगडणारे आणि ब्लेडने ‘अशुद्ध रक्त’ काढणारेही फिरतात. झडपा त्याने सुधारत नाहीत, जखम मात्र चिघळते.

लेझर उपचार म्हणून चांगलाच आहे, पण दोष सापडलेल्या शिरेवर. नुसत्या बारीक रेषांना मोठ्या शिरेचं लेझर लागत नाही. त्या दिसायला नको असतील तर त्यांना बारीक सुईच्या इंजेक्शनचा उपाय असतो. लेझरची फायबर, म्हणजे शिरेत घालायची बारीक तार, एकदाच वापरायची असते. तिच्या पाकिटावरचं स्टिकर आपल्या फाइलला लावून मागा.

मोज्यांत ‘फ्री साइज’ नसतो. सकाळी सूज नसताना घोट्याची सगळ्यात बारीक आणि पोटरीची सगळ्यात जाड जागा मोजून ते घेतात, अंथरुणातून उठण्याआधी चढवतात, रात्री काढतात. रोज वापरले तर साधारण सहा महिन्यांत सैल होतात. चालताना पोटरीत कळ येत असेल, मधुमेह असेल, तर आधी पायाची नाडी तपासून घ्या. धमनी तुंबलेल्या पायावर घट्ट मोजा घातला तर खरोखर पाय जाऊ शकतो.

दिवसभर उभं राहणाऱ्यांनी, मग ते हमाल असोत, कंडक्टर असोत की हलवाई, अधूनमधून टाचा वर-खाली कराव्यात. घरी आल्यावर पंधरा मिनिटं पाय छातीपेक्षा उंच ठेवावेत. झालेला आजार त्याने जात नाही, पण सूज आणि ठणका कमी होतो.

ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी आधी कागद गोळा करा. उपचाराची कागदपत्रं लेखी मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायची असतात. पक्कं बिल, डॉपलरचा रिपोर्ट, संमतीपत्र, शिबिराचं पत्रक, सगळं जपा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.