दोन ब्रास: चाच्यांच्या डेकची सूत्रं कुणाच्या हाती द्यावीत?

माझा भाचा कोपरखैरण्याला राहतो. बारावीची परीक्षा संपली तशी त्याने मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ मनावर घेतला आणि मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. "मामा, चाच्यांचा कमांडर डेक लावायचाय. जुनी ब्रास घेऊ की नवी?"

कमांडर डेक म्हणजे एक ठरलेलं कार्ड म्होरक्या असलेला गठ्ठा, आणि ब्रास ही अशी म्होरकी होऊ शकणारी चाच्यांची अ‍ॅडमिरल. फोनवर घाईत अर्धंमुर्धं सांगितलं. पण हा प्रश्न मला याआधीही दोघातिघांनी विचारला होता आणि मी स्वतः त्यावर बरेच दिवस घालवले आहेत, म्हणून आता नीट लिहून काढतो. दोन्ही डेक मी लावले, दोन्ही खेळलो. जुनी ब्रास दोन वर्षं खेळलो, आता नवी खेळतो. खेळण्याची जागा मात्र तीच. ऐरोलीत एका मित्राच्या घरी दर रविवारी दुपारी चौघं, कधी पाच जण. मी ठाण्याहून ट्रान्स हार्बरने जातो, बाकीचे वाशी-घणसोलीकडून येतात. तेव्हा खाली जे म्हणतोय ते त्या एका टेबलावरचं आहे. तुमच्याकडे चित्र थोडं वेगळं असू शकेल.

दोन्ही कार्डांवर बाई एकच. 'अ‍ॅडमिरल बेकेट ब्रास' हे कार्ड सप्टेंबर २०१७ मध्ये 'इक्सलान' संचात आलं. 'अ‍ॅडमिरल ब्रास, अनसिंकेबल' हे नोव्हेंबर २०२३ मध्ये 'लॉस्ट कॅव्हर्न्स ऑफ इक्सलान'बरोबर निघालेल्या 'अहॉय मेटीज' या तयार डेकची म्होरकी. रंग तेच, निळा-काळा-लाल. जुनी चार मानांत येते, नवी पाच (माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी ताकद, ती लॅन्ड या कार्डांतून मिळते). दोघीही ३/३, म्हणजे तीनचा मार देणाऱ्या आणि तीनचा सोसणाऱ्या. इथवर फरक फारसा नाही.

फरक स्वभावात आहे. जुनी ब्रास इतर चाच्यांना +१/+१ देते, आणि एका टर्नमध्ये एकाच खेळाडूला तीन किंवा जास्त चाच्यांचा मार बसला की टर्न संपताना त्याच्याकडची लॅन्ड सोडून कुठलीही एक वस्तू आपल्या बाजूला ओढते. कायमची. ब्रास नंतर मेली तरी ती वस्तू परत जात नाही. नवी ब्रास आल्या आल्या तुमच्याच डेकची वरची चार कार्डं ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे मेलेल्या-वापरलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात, टाकते, आणि तुमच्या प्रत्येक कॉम्बॅटच्या, म्हणजे हल्ल्याच्या टप्प्याच्या, सुरुवातीला तिथून एक चाचा उठवते. तो ४/४ होऊन, हेस्टसकट, लगेच चाल करायला तयार. त्याच्यावर फायनॅलिटी काउंटर ही खूण असते, म्हणजे पुन्हा मेला की एक्झाइल, डावातून बाहेर. जुनी दुसऱ्यांचं लुटते, नवी आपल्या बुडालेल्या माणसांना वर काढते. दोन्ही चाच्यांनाच शोभतं.

आता जुनीबद्दल, कारण तिच्यावर माझं प्रेम होतं आणि अजून आहे. तिचा डेक लावायला सुख वाटतं. तीन चाचे एकाच माणसाला लागायला हवेत, म्हणजे ब्लॉक न होणारे स्वस्त चाचे हवेत, आणि निळ्या-काळ्यात ते भरपूर आहेत. सायरन स्टॉर्मटेमर एका मानात उडतो आणि गरज पडली तर स्वतः जाऊन अंगावर आलेला स्पेल (मंत्र) काउंटर करतो, म्हणजे रद्द करतो. स्पेक्ट्रल सेलर एका मानात, फ्लॅशसकट (म्हणजे दुसऱ्याच्या टर्नलाही टाकता येणारा), उडणारा. काइटसेल फ्रीबूटर उडतो आणि समोरच्याच्या हातातलं एक कार्ड अडकवून ठेवतो. वॉरकाइट मरॉडर उडत चाल करतो आणि समोरच्या एका प्राण्याला ०/१ करून टाकतो. दुसऱ्या-तिसऱ्या टर्नपर्यंत यातले तिघे बाहेर, चौथ्याला ब्रास, आणि त्याच टर्नला पहिली लूट. हे जमतं तेव्हा फार सुंदर दिसतं. पहिल्या रविवारी जमलं, तेव्हा रात्री घरी येऊनही मी तेच चाललेलं मनात पाहत होतो.

पण "एकाच खेळाडूला" हे दोन शब्द चौघांच्या टेबलावर फार जड पडतात. चाचे तिघांत वाटून चालत नाही, सगळे एकावर सोडावे लागतात. आणि ते कुणावर सोडता? ज्याच्याकडे ब्लॉकर नाहीत त्याच्यावर. म्हणजे बहुतेक वेळा ज्याला लॅन्ड लागल्या नाहीत, जो आधीच मागे पडलाय, किंवा जो नवा आहे. आमच्याकडे घणसोलीहून एक मुलगी खेळायला यायची. तिच्या दुसऱ्याच रविवारी मी ओळीने तीन टर्न तिच्यावर चाल केली. नियमाने काही चुकलं नव्हतं. बोर्डावर तीच योग्य चाल होती. तिसऱ्यांदा तिची सोल रिंग (माना देणारं कार्ड) उचलली तेव्हा ती म्हणाली, "दादा, माझ्याकडे आता काही उरलंच नाही." मला ते टोचलं. डेक असं करायला लावतो, आणि तुम्ही तसं केलं नाही तर डेक चालत नाही.

तरीही जुनी सोडली ती या कारणाने नाही. कारण अगदी क्षुल्लक वाटेल, पण माझा निर्णय त्यानेच झाला.

आमच्या टेबलावर चौघांपैकी तिघांचे स्लीव्ह (कार्डांची प्लास्टिकची पाकिटं) काळे मॅट. ठरवून नाही, तेच सगळीकडे मिळतात. जुनी ब्रास खेळता तेव्हा डाव संपेपर्यंत तुमच्या बाजूला दुसऱ्यांची चार-पाच कार्डं असतात. त्यात मधे कुणीतरी बोर्ड वाइप (टेबलावरचं सगळं साफ करणारं कार्ड) टाकतो, ती त्या त्या मालकाच्या ग्रेव्हयार्डमध्ये पाठवायची असतात, नेमकं तेव्हाच चहा येतो, कुणाची आई डब्यातल्या करंज्या पुढे करते. डाव संपतो तो साडेसातच्या सुमाराला, आणि सगळ्यांना गाडी गाठायची असते. पटापट गोळा करतो, डब्यात भरतो, निघतो.

असंच एकदा एका मित्राचं रिस्टिक स्टडी माझ्या डब्यात आलं. खेळणाऱ्यांना त्या कार्डाचं मोल सांगायला नको. त्यातून त्याचं ते फॉइल, म्हणजे चकाकणारं, होतं, आणि परदेशी गेलेल्या भावाने जाताना दिलेलं. मला पत्ताच नाही. त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याने सगळं घर शोधलं, आम्हा प्रत्येकाला विचारलं. मी डबा उघडला, वरवर पाहिलं आणि "नाही रे" म्हणालो. तीन आठवड्यांनी डेक बदलायला सगळी कार्डं जमिनीवर पसरली तेव्हा ते माझ्या टोकनांच्या गठ्ठ्यात सापडलं. त्याच संध्याकाळी ठाण्याहून ऐरोलीला जाऊन परत केलं. तो काही बोलला नाही, उलट चहा पाजला. पण मधले तीन आठवडे तो आमच्यातल्या प्रत्येकाकडे कुठल्या मनाने पाहत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही. त्यानंतर प्रत्येक लुटलेल्या कार्डाखाली मी कागदाची चिठ्ठी ठेवायला लागलो, डाव संपला की मोजायला लागलो. खेळाचा निम्मा आनंद त्या मोजामोजीत जायला लागला.

मुळात मला डेक हवा होता तो चाच्यांचा. दुसऱ्यांची कार्डं सांभाळण्याचा नको होता.

मधे थोडं विषयांतर करतो. भाच्याने विचारलं होतं, "चाचे म्हणजे आपले आंग्रेच ना?" नाही. कान्होजी आंग्रे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचा दस्तक (परवाना) घ्यावा, हा त्यांचा राज्याचा हक्क होता. तो न मानणाऱ्या इंग्रजांनी त्यांना आपल्या कागदांत चाचे ठरवलं. १७२९ साली त्यांचा मृत्यू झाला, तरी तो शब्द अजून चिकटलेला आहे. ब्रासच्या गोष्टीत मात्र मला त्याचा थोडा भास होतो. तिचे लोक टोरेझॉन या खेळातल्या खंडातून हुसकावून लावलेले. व्हॅम्पायरांच्या फौजेने मुलूख घेतला म्हणून समुद्रावर आलेले. 'चाचे' हे नाव कोण कुणाला देतं, हे पाहावं. म्हणून हा डेक मला जवळचा वाटतो, आणि म्हणून मी त्यावर इतका वेळ घालवतो.

तर नवी ब्रास. पहिले काही डाव ती मला आवडली नव्हती. पाच मानांची, म्हणजे एक टर्न उशिरा. ती मेली की पुढच्या वेळी सात माना. जुनीच्या डेकमधले 'रेड' ही हल्ल्याची अट असलेले चाचे मी तसेच इथे आणले आणि तिथे फसलो. स्टॉर्म फ्लीट स्पाय घ्या. या टर्नमध्ये चाल केली असेल तर तो येताना एक कार्ड देतो. पण नवी ब्रास चाच्याला कॉम्बॅटच्या सुरुवातीला उठवते, चाल करण्याआधी. म्हणजे रेडची अट पुरी झालेलीच नसते. ही गोष्ट लक्षात यायला मला दोन रविवार लागले. तेव्हा रेडवाले येणारे चाचे काढा, आणि बिनशर्त काही देणारे घ्या. कॉर्सेअर कॅप्टन सर्वांत चांगला. येताना ट्रेझर (एकदा खर्चून एक माना देणारं टोकन) देतो आणि बाकी चाच्यांना +१/+१, म्हणजे पुढचा उठणारा ५/५.

इथे छोटे चाचे मेले तर वाईट वाटत नाही, उलट बरंच. एका मानाचा स्टॉर्मटेमर स्पेल काउंटर करून स्वतःला संपवतो आणि पुढच्या टर्नला ४/४ होऊन आकाशातून परत येतो. हे पहिल्यांदा घडलं तेव्हा समोरच्यानेही "वा!" म्हटलं. आणि मार तिघांत वाटून दिला तरी चालतो. एकालाच धरून बडवायची सक्ती नाही. फायनॅलिटी काउंटर असलेला चाचा मरणार असं दिसलं तर त्याला हातात परत आणणाऱ्या एखाद्या निळ्या स्पेलने हातात परत घ्या. काउंटर गळून पडतो आणि तो पुन्हा नव्याने वापरता येतो.

उणीव आहेच. ग्रेव्हयार्ड रिकामं केलं की ही ब्रास नुसतीच ३/३ बाई उरते. बोजुका बॉग ही साधी लॅन्ड, तीही तेवढ्याला पुरते. कुणी रेस्ट इन पीस (ग्रेव्हयार्डमध्ये काही जाऊच न देणारं कार्ड) टाकलं तर त्याचा बंदोबस्त होईपर्यंत थांबायचं. जुनीला या कशाचीच भीती नव्हती. तुमच्या टेबलावर असे डेक जास्त असतील तर माझं म्हणणं बाजूला ठेवा आणि जुनीकडे जा. तीन रंगांच्या लॅन्डचा त्रास दोघींनाही सारखाच. त्यावर वेळ घालवत नाही.

काउंटरसाठी मी आजीच्या डब्यातल्या कवड्या वापरतो, ट्रेझरसाठी पिवळी पाच रुपयांची नाणी. फासे घेऊ नका, हात लागून उलटतात आणि मग कुणावर काय होतं ते कळत नाही. कवडी उठून दिसते.

मॅल्कम आणि ब्रीचेस ही जोडीही भाच्याच्या मनात होती. २०२० च्या 'कमांडर लेजेंड्स'मधले हे दोघे पार्टनर, म्हणजे मिळून म्होरके होणारे, निळा-लाल. मित्राचा डेक घेऊन मी तो चार वेळा खेळलो. वेगवान आहे. पण ग्लिंट-हॉर्न बुकेनीअर चाल करताना मॅल्कमबरोबर बोर्डावर असला की एक कार्ड टाकलं, तिघांनाही एकेक डॅमेज, तीन ट्रेझर, त्यातल्या दोन खर्चून पुन्हा तेच, असं चक्र सुरू होतं आणि डाव तिथेच संपतो. कुणाला ते हवं असेल. मला दुपारभर जहाज चालवायचं असतं. शिवाय काळा रंग गेला की फ्रीबूटर गेला, डायर फ्लीट कॅप्टन गेला. मन लागलं नाही.

भाच्यासाठी आणखी एक. जुन्या याद्या पाहून डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्टच्या मागे लागू नकोस. तो चाचाच आहे, आणि जबरदस्त होता, पण सप्टेंबर २०२४ मध्ये कमांडरमधून बॅन झाला. रगावान माकड मात्र मिळालं तर ठेव. आणि होस्टेज टेकर नव्या ब्रासबरोबर फार ताकदीची आहे हे मान्य, पण मी ती मुद्दाम ठेवलेली नाही. ती पुन्हा दुसऱ्याचंच कार्ड उचलते.

येत्या रविवारी तू ऐरोलीला ये, मी दोन्ही डेक आणतो. जुनी अजून मोडलेली नाही, तीन डाव तिचे खेळ, तीन नवीचे. मला वाटतं तू नवी घेशील. तरीही जुनीच आवडली तर खुशाल लाव, फक्त स्लीव्ह लाल घे. आमच्या टेबलावर लाल कुणाकडेच नाहीत.