गुलाबी रुबार्बचे साडेतीन पाउंड वसूल झाले का?

फेब्रुवारीत लीड्सच्या कर्कगेट मार्केटमध्ये शिरलं की भाजीच्या गाळ्यावर सगळं कसं मातकट दिसतं. बटाटे, सलगम, गाजरं, त्यांना चिकटलेली ओली माती. आणि मधेच, कासाराने चुकून इथे ठेवून दिल्यासारखे, चकचकीत गुलाबी दांडे. हा यॉर्कशरचा फोर्स्ड रुबार्ब, म्हणजे अंधारात कोंडून मुद्दाम लवकर वाढवलेला. यंदा चारशे ग्रॅम घेतला, साडेतीन पाउंडांना. एवढ्यात दीड किलो सफरचंदं आली असती, हे नवऱ्याने पिशवीत डोकावण्याआधीच सुनावलं. तेव्हा हा हिशेब मुख्यतः त्याच्यासाठी.

ज्यांनी खाल्लाच नाही त्यांच्यासाठी: दिसायला अळूचा देठ, चवीला कैरी. इंग्रज त्याला फळासारखा साखर घालून खातात, पण आहे ती भाजीच. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात पोट साफ करायला रेवाचिनी मिळते ना, ती याच्याच भावकीतल्या झाडाचं मूळ. इथे खायचा तो फक्त देठ. पान विषारी, त्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. अळूचं फदफदं डोक्यात ठेवून कोणी पानं चिरायला घेऊ नका. चिंच घालून हे विष उतरत नाही.

वेकफिल्ड, मॉर्ली आणि रॉथवेल यांच्या मधल्या पट्ट्याला इथे रुबार्ब ट्रँगल म्हणतात. मागच्या वर्षी तिकीट काढून तिथल्या एका शेतकऱ्याची शेड बघून आले, आणि दराबद्दलची माझी कुरकुर तिथेच निम्मी झाली. गड्डे दोन वर्षं उघड्या शेतात वाढवतात आणि त्या दोन वर्षांत एकही दांडा काढत नाहीत. मग हिवाळ्यात दहिवर चांगलं खाऊ देतात, कारण थंडीचा झटका बसल्याशिवाय गड्डा झोपेतून जागा होत नाही. त्यानंतर उपटून उबदार, ठार अंधाऱ्या शेडमध्ये खेटून मांडतात. उजेडच नाही, त्यामुळे झाड हिरवं होऊ शकत नाही. गड्ड्यात साठवलेल्या पुंजीवर नुसतं वर वर पळतं. दांडा गुलाबी आणि कोवळा, टोकाला मुठीएवढं पिवळं पान. तोडणी मेणबत्तीच्या उजेडात चालते. आम्हाला फोटोला फ्लॅश मारू नका म्हणून बजावलं, मग शेतकरी म्हणाला, "जरा गप्प उभे राहा." राहिलो. मिनिटभराने कुठेतरी ‘टप्’ झालं. मग पलीकडे आणखी एक. कोंब आपलं आवरण फोडून बाहेर येतो त्याचा तो आवाज. हंगाम संपला की गड्डा निकामी, थेट खतात. दोन वर्षं पोसायचं आणि एकच पीक घ्यायचं! पूर्वी इथल्या लोकरीच्या गिरण्यांचा कचरा खत म्हणून आणि जवळच्या खाणींतला कोळसा शेडच्या उबेला, असं सगळं हाताशी होतं म्हणून हा धंदा इथे रुजला. २०१०मध्ये युरोपियन युनियनने ‘यॉर्कशर फोर्स्ड रुबार्ब’ या नावाला संरक्षण दिलं, आपल्या जीआयसारखंच (भौगोलिक मानांकन).

आता स्वयंपाकघरात. गुलाबी रुबार्बला माझ्या मते एकच न्याय आहे: भाजणं. बोटभर लांबीचे तुकडे ट्रेमध्ये एकाच थरात, वर दोन-तीन चमचे साखर, अर्ध्या संत्र्याचा रस, फॉइल घट्ट लावून १८० अंशांवर पंधरा मिनिटं. पाण्याचा थेंब नको आणि चमचा तर अजिबात नको. ढवळलंत की त्याची पेज झालीच म्हणून समजा. ट्रेमध्येच गार होऊ द्या. तुकडे अख्खे राहतात, रंग तसाच, आणि खाली कोकम सरबतासारखा रस जमतो. मी तो घरच्या श्रीखंडाबरोबर वाढला, चक्क्यात साखर नेहमीपेक्षा निम्मी घालून. आंबटावर आंबट होईल अशी भीती होती, झालं नाही. ट्रे मात्र ॲल्युमिनियमचा घेऊ नका. एकदा घेतला होता, आईच्या भाषेत ‘कळकलं’.

केकमध्ये मात्र हा रुबार्ब म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. इतकं पाणी सुटलं की केक वरून खरपूस आणि तळाशी शिरा. पुढच्या वेळी तुकड्यांना साखर चोळून अर्धा तास चाळणीत ठेवले, तेव्हा कुठे जमलं. पण रंग पिठात हरवतो तो हरवतोच.

क्रम्बल, म्हणजे फळावर लोणी-पिठाचा भुगा पसरून भाजलेलं गोड, करायचा असेल तर एप्रिलपर्यंत थांबा. तेव्हा उघड्यावरचा, लाल-हिरवा, दांडगा रुबार्ब येतो, निम्म्या किमतीत. मैदा, त्याच्या निम्मं लोणी, निम्मी साखर. लोणी फ्रिजमधलं, आणि ते बोटांच्या टोकांनी चोळायचं. चकलीच्या पिठात मोहन पुरलं का हे आपण मुटका वळून बघतो. इथे उलट, मुटका वळला तर हात गरम पडले. पीठ दहा मिनिटं फ्रिजमध्ये टाका आणि तोवर भांडी घासा. या जाड रुबार्बचा मेथांबाही फर्मास होतो, मात्र क्रम बदलावा लागतो. मेथ्या-मोहरी-हिंगाची फोडणी, तिखट, गूळ, थोडं पाणी, याचा पाक आधी दाट करून घ्या आणि फोडी शेवटी टाका, चार मिनिटांसाठी. कैरीसारख्या आधी टाकल्या तर फोड राहत नाही, नुसते धागे राहतात.

घेताना कापलेलं टोक बघा. ओलसर हवं, आणि दांडा वाकवला तर काडकन मोडायला हवा. एका सुपरमार्केटमधलं बंद पाकीट मी घरी येऊन फोडलं तर दांडे शेवग्याच्या जुन्या शेंगांसारखे लोंबत होते. वरून दर जास्तच. गाळ्यावरची बाई निदान हातात देते आणि "धिस वन्ज बेटर, लव्ह" म्हणून स्वतः बदलूनही देते.

तर हिशेब: चारशे ग्रॅममध्ये चौघांचं गोड एकदा, मोसमात दोनदा, बस. तेवढ्यापुरते साडेतीन पाउंड वसूल. नवऱ्याने वाटी चाटली, पण सफरचंदांचा मुद्दा सोडलेला नाही.

पुण्याहून मामेबहीण विचारते, कुंडीत लावू का? नको गं. त्याला थंडीत झोप लागते, ती पुण्यात मिळायची नाही. इथेसुद्धा माझा पहिला प्रयत्न फसला. ऑनलाइन मागवलेला गड्डा पिशवीत बुरसून मऊ होऊन आला. पैसे परत मिळाले, मोसम गेला. मग शेजारच्या आजींनी नोव्हेंबरात त्यांचा जुना गड्डा फावड्याने फोडला आणि एक डोळा असलेला तुकडा मला दिला. जात बहुधा टिम्परली अर्ली. पहिल्या वर्षी हात लावू नकोस म्हणाल्या होत्या. मी तीन दांडे ओढलेच, आणि पुढच्या वर्षी तो काडीपैलवान होऊन उगवला. आता नियम पाळते: सुरी नाही, बुडाशी धरून पिळून ओढायचा, निम्मे दांडे झाडावर ठेवायचे, जून संपला की बंद.

यंदा जानेवारीत त्यावर जुनी काळी बादली उपडी घातली आहे, वर वीट. रोज सकाळी चहाचा कप घेऊन बादली जराशी कलती करते, आणि कुंपणापलीकडून आजींचा आवाज येतो, "उजेड शिरतोय आत, ठेव ती खाली!"