डान्स शिकायचाय, पण ग्रुप क्लास, पर्सनल शिकवणी की व्हिडिओ? आणि टीचर कसा ओळखायचा?

डान्स शिकायचं मनात आलं की आधी सगळे विचारतात, कुठला डान्स शिकू. मला वाटतं त्याच्याही आधी हे विचारायला हवं की माझं चुकलं तर ते बघणार कोण. कारण नाचताना स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, आरशात बघायला गेलं की मान वळते आणि मान वळली की तोल जातो. त्यामुळे खालचे तिन्ही पर्याय मी याच एका गोष्टीवर तोलून बघितलेत, तुम्हाला पटतंय का बघा.

व्हिडिओपासून सुरू करते कारण बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. फायदे खरेच आहेत, आपल्या वेळेला शिकता येतं, स्लो करून दहा वेळा बघता येतं, कोणासमोर लाज वाटत नाही. पण व्हिडिओ तुमच्याकडे बघत नाही. मी साल्साची (हा जोडीने करायचा लॅटिन डान्स) बेसिक स्टेप अशीच घरी शिकले, काउंट पाठ झाला, 1-2-3 वर पावलं, 4 वर थांबायचं, 5-6-7 वर पावलं, 8 वर थांबायचं, आणि स्क्रीनवरच्या माणसासारखंच माझंही दिसत होतं. मग पहिल्यांदा पार्टनरसोबत उभी राहिले तर तिसऱ्याच पावलाला माझा चुकीचा पाय मोकळा. का, तर मी पाय नुसता टेकवत होते, त्याच्यावर वजन टाकतच नव्हते. बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं हो, आणि तेच वळण पायात इतकं बसलं होतं की शिकायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट ते मोडायला लागला. डावं-उजवंही तपासून घ्या, काही व्हिडिओ आरशासारखे उलटे केलेले असतात, काही नसतात. एकूण व्हिडिओ दोन कामांना उत्तम, कुठली शैली आपल्याला आवडतेय ते शोधायला आणि क्लासमध्ये झालेलं घरी घोटायला.

ग्रुप क्लासची गंमत वेगळी आहे. आजूबाजूला पंधरा-वीस जण एकाच ठेक्यावर पाय टाकतायत म्हटल्यावर ताल आपोआप अंगात शिरतो, आणि पार्टनर डान्स असेल तर ग्रुपला पर्यायच नाही कारण तिथे पार्टनर बदलत राहतात. एकाच माणसासोबत शिकलं की आपण त्या माणसाच्या सवयी पाठ करतो, डान्स नाही. फीसुद्धा पर्सनलपेक्षा कमी पडते. अडचण एवढीच की वेग तुमचा नसतो, आणि मागच्या रांगेत उभे राहिलात तर महिनाभर कोणाचं लक्ष न जाता राहू शकता. म्हणून बॅचमध्ये किती जण आहेत यापेक्षा टीचर रांगांमधून फिरतो का हे बघा, वीस जणांत फिरणारा टीचर आठ जणांत आरशाला चिकटून उभ्या राहणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

पर्सनल शिकवणीत प्रगती सगळ्यात लवकर होते हे खरं, पण एकदम नवख्या माणसाने सगळे पैसे तिथेच घालू नयेत असं माझं मत आहे. एक तर सुरुवातीला नेमकं काय विचारायचं तेच कळत नाही. दुसरं म्हणजे पार्टनर डान्समध्ये टीचर इतका सफाईदार असतो की तो तुमच्या चुका त्याच्या अंगावर झेलतो, तुम्हाला वाटतं जमलं, आणि दुसऱ्या कोणासोबत नाचायला गेलं की सगळं विस्कटतं. दोन-तीन महिने ग्रुपमध्ये काढून, गाडी कुठे अडतेय ते कळल्यावर तेवढ्यासाठी एक-दोन पर्सनल तास घेतले तर मात्र पैसे वसूल. अपवाद म्हणजे जुनी दुखापत असेल किंवा चार लोकांसमोर पायच उचलत नसेल, तर सरळ पर्सनलने सुरुवात करा.

आता टीचर. सुंदर नाचणारा आणि चांगला शिकवणारा ही दोन वेगळी माणसं असू शकतात, हे मी दोन ट्रायल क्लासमध्ये बघितलं. पहिल्या ठिकाणी मॅडम अप्रतिम नाचल्या, खरंच डोळे हटत नव्हते, पण पूर्ण तास आमच्याकडे पाठ आणि नजर आरशातल्या स्वतःकडे. दुसऱ्या ठिकाणच्या मॅडमनी चौथ्या मिनिटाला म्युझिक बंद केलं, शेवटच्या रांगेत आल्या, सगळ्यांना एका पायावर उभं केलं आणि मला म्हणाल्या, "हात लावू का?" मग बोटाने गुडघा किंचित बाहेर सरकवला, "हा आत पडतोय बघ, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेव." बस एवढंच. पण चवड्यावरचं वजन सरकलेलं मला तिथल्या तिथे जाणवलं. त्या दिवशी नाव नोंदवलं.

सर्टिफिकेटबद्दल खूप जण विचारतात. बॅलेसाठी लंडनमध्ये 1920 साली सुरू झालेल्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्ससारख्या संस्था परीक्षा घेतात, टीचर तयार करतात, असं शिक्षण असेल तर चांगलंच आहे, पायाभूत गोष्टी नीट झाल्यात एवढं त्यावरून कळतं. कथक-भरतनाट्यममध्ये टीचर कोणाकडे आणि किती वर्षं शिकलेत ते विचारा, आणि सुरुवातीला काय करून घेतात तेही विचारा. कथकमध्ये तीनताल या तालाच्या 16 मात्रा, म्हणजे ठोके, हाताने धरता यायच्या आधीच स्टेजवरचा आयटम बसवायला घेतला तर मला ती घाई वाटते.

शरीराच्या बाबतीत मात्र अजिबात तडजोड नको. वॉर्मअप नसेल तर जाऊ नका. जमीन बघा, थोडी लवचिक लाकडी असेल तर उत्तम, काँक्रीटवर थेट फरशी असेल आणि उड्या भरपूर असतील तर नडगी आणि गुडघे बोलायला लागतात. दुसऱ्या दिवशी स्नायू दुखणं ठीक, पण सांध्यात कळ आली आणि टीचर म्हणाले "होईल सवय", तर तो क्लास सोडा. लहान मुलीला बॅलेला घालत असाल तर 11-12 वर्षांच्या आधी, पायात ताकद आलीय की नाही हे न तपासता पॉइंट शूज (पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचे कडक टोकाचे बूट) घालायला लावणारा टीचर नको म्हणजे नकोच. आणि पालकांना कधीच क्लास बघू देत नसतील तर का ते स्पष्ट विचारा.

मोठ्या पॅकेजचे पैसे ट्रायलच्या आधी भरू नका. ट्रायल संपल्यावर थांबा आणि टीचरला एकच विचारा, माझं कुठे चुकतंय? "छान करताय, सराव करत राहा" एवढंच उत्तर आलं तर अजून एक-दोन क्लास बघून या. आणि "तुमची डावी टाच लवकर उचलली जातेय" असं काही आलं तर तिथेच फॉर्म भरा.