वाचनालयाचं ॲप: वाचायला छान, लॉगिनला जाच

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका मराठी वाचनालयाच्या ॲपमध्ये ओळींमधलं अंतर दीडपट करता येतं. उत्तम सोय! डिस्लेक्सिया (अक्षरं-शब्द वाचताना येणारी अडचण) असलेल्या वाचकाची ओळ चुकण्याची शक्यता कमी होते. पण अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते, ‘पुस्तक’चे सुटे तुकडे दिसतात. देवनागरीत शब्दांमधलंच अंतर वाढवावं.

लॉगिनला मात्र ओटीपी पेस्टच होत नाही आणि ३० सेकंदांत मुदत संपते. आकडे उलटसुलट होणारा माणूस तिथेच अडकतो. डब्ल्यूसीएजी २.२ (वेबसाइट-ॲप सगळ्यांना वापरता यावेत यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष, २०२३) नुसार कोड पाठ करून किंवा बघून टाइप करायची सक्ती नको. पेस्ट चालू करा, मुदत वाढवा.

वरचं सरकतं बॅनर एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं) असलेल्याचं लक्ष सतत खेचतं. ५ सेकंदांहून जास्त चालणाऱ्या हालचालीला थांबवायचं बटण हवंच.