ग्नू रेडिओ सहा महिने वापरल्यावर : डेटा फ्लोसाठी पैकीच्या पैकी, डॉक्युमेंटेशनला मात्र नाही

लॅमिंग्टन रोडवरनं आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणलं तेव्हापासून लॅपटॉपवर ग्नू रेडिओच चालू आहे, म्हणजे ब्लॉक जोडून रेडिओ सिग्नलवर काम करायचं सॉफ्टवेअर. फुकट, ओपन सोर्स, उबंटूवर एका कमांडमधे बसतं. ब्लॉक उचला, वायरी जोडा, रन करा की परळच्या घरात १००.७ वर एफएम गोल्ड सुरू. पण मला आवडलं ते आतलं काम.

दोन ब्लॉकच्या मधे एक बफर (डेटा तात्पुरता ठेवायची जागा) असतो, साधारण ६४ केबीचा, म्हणजे ८ बाइटची कॉम्प्लेक्स सॅम्पल (सिग्नलची एकेक मोजणी) धरली तर ८१९२. पुढचा ब्लॉक मागे पडला की बफर भरतो, भरला की मागचा आपोआप थांबतो, मग त्याच्या मागचा. हे बॅकप्रेशर एक ओळही न लिहिता मिळतं! मी आधी पायथॉनमधे थ्रेड आणि क्यू घेऊन हेच हाताने करायला गेलो होतो, पंधरा दिवस गेले आणि तरी मधेच अडकायचं, त्यामुळे ह्याची किंमत मला कळते.

फक्त एक गोष्ट, डोंगलला थांब म्हणता येत नाही. पागोळीखाली बादली ठेवल्यासारखं आहे, वेळेत रिकामी केली नाही तर सांडणारच, पाऊस काय थांबत नाही. सेकंदाला २४ लाख सॅम्पल येतात, सांडली की टर्मिनलवर ओव्हरफ्लोचे नुसते ओ ओ ओ उमटत जातात.

माझ्याकडे हे झालं ते पेन ड्राइव्हमुळे. एकाच सोर्समधनं (डोंगलच्या ब्लॉकमधनं) एक वायर एफएमला आणि दुसरी फाइल सिंकला (डेटा फाइलमधे लिहिणाऱ्या ब्लॉकला) दिलेली, पहिलं मिनिटभर मस्त चाललं आणि मग गाणं तुटायला लागलं, मी आपला अँटेना खिडकीत हलवत बसलो रात्री एक वाजेपर्यंत. कारण भलतंच होतं. २४ लाख गुणिले ८ म्हणजे सेकंदाला १९.२ एमबी, पेन ड्राइव्हला ते झेपत नव्हतं, आणि सोर्सचा बफर दोन्ही वाचणाऱ्यांचं वाचून झाल्याशिवाय मोकळा होत नाही, त्यामुळे हळू फाइलने आवाजालाही अडवलं. फाइल सिंक दहाच्या डेसिमेशननंतर (दहातलं एकच सॅम्पल ठेवल्यावर) जोडला, १.९२ एमबीवर आलं, ओ बंद!

थ्रॉटल ब्लॉकबद्दल (हा डेटाचा वेग ठराविक ठेवतो) नवीन लोकांना मुद्दाम सांगतो, डोंगल किंवा साउंड कार्ड जोडलेलं असेल तर तो अजिबात टाकू नका, वेग हार्डवेअरच ठरवतं आणि थ्रॉटलचा अंदाजपंचे वेग त्याच्याशी भांडतो. फाइल वाचून नुसता ग्राफ बघायचा असेल तेव्हाच तो हवा, नाहीतर सीपीयू फुल्ल पळतो. डोंगल आणि साउंड कार्ड दोन्ही असले तरी दोघांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, २० पीपीएमचा (दहा लाखात २०) फरक म्हणजे ४८ हजारावर सेकंदाला एक सॅम्पल, बराच वेळ ऐकलं की मधेच बारीक टिक येतो. ऑडिओ सिंकमधलं (आवाज साउंड कार्डला देणाऱ्या ब्लॉकमधलं) ओके टू ब्लॉक, म्हणजे जागा होईपर्यंत थांबायची परवानगी, काढून बघा, माझ्याकडे ओव्हरफ्लो त्याने थांबले.

मेसेज पोर्टला (ब्लॉकना सुटे निरोप पाठवायची वेगळी वाट) मात्र हे बॅकप्रेशर नाही, आणि हे मला कुठेच ठळक लिहिलेलं सापडलं नाही. डेटा स्ट्रीमनेच पाठवा, मेसेज फ्रीक्वेन्सी बदलणं वगैरे किरकोळ कामाला ठेवा. डॉक्युमेंटेशनचा अर्धा स्टार मी ह्याच्यासाठीच कापलाय, साडेचार.