दाढीनंतर चेहऱ्याला काय लावावे: तुरटी, लोशन, बाम की कोरफड?

दाढीनंतर चेहरा चुरचुरतो ही वरकरणी एकच तक्रार असली, तरी तिच्यामागे किमान चार निरनिराळी कारणे असू शकतात: पात्याने पडलेली बारीक चीर, त्वचेचा सर्वांत वरचा थर खरवडला जाणे, साबणामुळे आलेला कोरडेपणा आणि कापलेला केस पुन्हा त्वचेत शिरल्यामुळे उठणारे पुरळ. या चारही कारणांवर सारखेच लागू पडेल असे एकही द्रव्य बाजारात नाही. म्हणून आपल्या चेहऱ्याची नेमकी तक्रार कोणती, हे आधी पाहावे आणि मग बाटली निवडावी. प्रत्यक्षात आपण बहुतेक जण झाकण उघडून वास घेतो आणि तेवढ्यावरच निर्णय करतो.

तुरटीपासून सुरुवात करणे योग्य होईल, कारण आपल्याकडे घराघरांत आणि न्हाव्याच्या दुकानात तिचाच वावर सर्वांत जुना आहे. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचे दुहेरी सल्फेट. ओल्या त्वचेवर तिचा खडा फिरवला की त्वचेच्या पृष्ठभागावरची प्रथिने गोठतात, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि चिरेतून येणारे रक्त थांबते. या एका कामात तुरटीच्या तोडीचे आणि तिच्याइतके स्वस्त दुसरे काही नाही. पण रक्त थांबवणे वेगळे आणि त्वचा शांत करणे वेगळे. तुरटीने त्वचा ताणल्यासारखी होते आणि तो ताण पुष्कळांना ताजेपणाचा वाटतो. मुळात कोरडी त्वचा असलेल्याला मात्र तासाभरात गालांवर पांढुरकी साल दिसू लागते. तुरटी वापरायचीच असेल तर ती अर्धा मिनिट ठेवून गार पाण्याने धुवावी आणि त्यावर काहीतरी ओलावा धरणारे लावावे. सलूनमध्ये एकच खडा अनेक चेहऱ्यांवरून फिरतो, हा तिचा दुसरा आणि अधिक गंभीर दोष आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान 7 दिवस संसर्गक्षम राहू शकतो, त्यामुळे पाते नवे घालायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाने खड्याबद्दलही तितकेच जागरूक असावे. तुरटीचे पाणी फवारणारे न्हावी या बाबतीत बरे. तशी सोय नसेल तर स्वतःचा खडा सोबत न्यावा किंवा तुरटी नको म्हणून सांगावे.

आफ्टरशेव्ह लोशन, म्हणजे काचेच्या बाटलीतले, हातावर ओतून गालांवर थापायचे पाणी, हा दुसरा पर्याय. अमेरिकेत शल्टन कंपनीने 1938 मध्ये ओल्ड स्पाइस पुरुषांसाठी आणले आणि पुढे या नावाने आपल्याकडच्या दोन पिढ्यांच्या न्हाणीघरातील फळ्या व्यापल्या. अशा लोशनचा मुख्य घटक अल्कोहोल असतो. तो जंतुनाशक आहे हे खरे, पण लावताना होणारी आग म्हणजे जंतू मरत असल्याची खूण, ही समजूत चुकीची आहे. त्वचेखालील चेतातंतूंमध्ये उष्णता ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारी प्रथिने) असतात आणि साधारणपणे ते 42 अंश सेल्सियसच्या आसपास जागे होतात. अल्कोहोलमुळे ही मर्यादा 34 अंशांच्या जवळपास खाली येते, त्यामुळे शरीराची स्वतःची ऊबही भाजल्यासारखी जाणवते. मेन्थॉल याच्या उलट काम करते: ते थंडी ओळखणाऱ्या ग्राहकांना चेतवते आणि त्वचेचे तापमान फारसे न उतरताही गारवा भासतो. दोन्हींपैकी कशानेही खरवडलेली त्वचा भरून येत नाही.

तरीही लोशन सरसकट बाद ठरवता येणार नाही. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत, तेलकट त्वचेच्या माणसाला चेहऱ्यावर कसलाही थर नको वाटतो, आणि अशा वेळी झटकन उडून जाणारे हलके लोशन सुखाचे असते. ज्याची त्वचा आग न होता ते सोसते, त्याने ते केवळ सुगंधासाठी वापरले तरी बिघडत नाही. त्वचा नाजूक असेल तर मात्र अल्कोहोलाइतकाच त्यातील सुगंधही तपासावा, कारण सौंदर्यप्रसाधनांमुळे होणाऱ्या ॲलर्जीत सुगंधी द्रव्यांचा वाटा मोठा असतो. बर्गमॉटसारख्या लिंबूवर्गीय फळांची तेले असलेले लोशन लावून लगेच उन्हात गेल्यास काहींच्या मानेवर तपकिरी डाग उमटतात, तेही ध्यानात ठेवावे.

आफ्टरशेव्ह बाम दिसायला पातळ क्रीमसारखा असतो आणि शांत करणे या शब्दाला खऱ्या अर्थाने जागणारा पर्याय हाच आहे. त्यातील ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, डायमेथिकोन वरून पातळ आवरण देते, तर पँथेनॉल आणि ॲलँटॉइन चिडलेल्या त्वचेला निवण्यास मदत करतात. वेष्टनावरील घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते, हे लक्षात घेतले तर पारख सोपी होते: पहिल्या तीन-चार नावांत ‘अल्कोहोल डीनॅट’ (म्हणजे लोशनमधले तेच झोंबणारे अल्कोहोल) असेल, तर वेष्टनावर ‘बाम’ असे छापलेले असूनही आतला माल लोशनच्या जातीचा आहे. सिटाइल, स्टिअरिल किंवा सिटिअरिल अल्कोहोल या नावांना मात्र घाबरू नये. ती मेणासारखी स्निग्ध द्रव्ये आहेत आणि त्यांची आग होत नाही. बामची एकच अडचण म्हणजे किंमत. त्यावर उपाय असा की घरात असलेले साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर जवळजवळ तेच काम करते. पुरुषांसाठी म्हणून काळ्या-निळ्या वेष्टनात घातलेल्या बाटलीला जास्त पैसे मोजण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

कोरफडीचा गर गार लागतो, चिकटपणा ठेवत नाही आणि लालसरपणा थोडा उतरवतो, म्हणून उन्हाळ्यात आणि तेलकट त्वचेसाठी तो लोशनपेक्षा चांगला. कुंडीतल्या कोरफडीचे पान वापरणाऱ्यांनी ते कापल्यावर काही वेळ उभे धरून सालीलगतचा पिवळा चीक निथळू द्यावा आणि गर धुऊन घ्यावा. तो चीक त्वचेला खाज आणतो. दुकानातल्या गडद हिरव्या जेलमध्ये रंग आणि सुगंध घातलेले असतात, त्यामुळे घ्यायचेच तर रंगहीन जेल घ्यावे. गर मुख्यतः पाणीच असल्याने तो वाळल्यावर ओलावा टिकत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत त्याच्यावर क्रीमचा हात फिरवावाच लागतो.

गुलाबपाण्याबद्दल फार लिहिण्याजोगे नाही: क्षणभर गारवा आणि वास, एवढेच. खोबरेल तेल कोरड्या त्वचेला रात्री चालते. मुरुमे येणाऱ्याने ते टाळावे, कारण त्याने रंध्रे बुजतात. कोलकात्यात 1929 पासून बनणाऱ्या बोरोलीनसारखी दाट अँटिसेप्टिक क्रीम चिरेपुरती बोटाच्या टोकाने लावण्याची वस्तू आहे, सगळ्या चेहऱ्यावर थापण्याची नव्हे.

नवे काही विकत घेतले, तर ते दाढी केलेल्या गालावर प्रथम लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सुमारे आठवडाभर लावून पाहावे आणि खाज किंवा लाली आली नाही तरच चेहऱ्यावर घ्यावे. दाढी कोमट पाण्याने भिजवल्याशिवाय, बोथट पात्याने आणि केसांच्या उलट दिशेने दोन-दोनदा घोटली जात असेल, तर वरील सर्व तुलना व्यर्थ आहे. तेथे आधी पाते बदलावे.

पुरळाचा प्रश्न यांपैकी कशानेच सुटत नाही. हनुवटीखाली आणि मानेवर वारंवार टोचरे फोड येत असतील, विशेषतः केस कुरळे असतील, तर तेथे सौम्य सॅलिसिलिक किंवा ग्लायकॉलिक ॲसिड असलेले द्रव्य उपयोगी पडते, कारण ते मृत पेशी सैल करून अडकलेल्या केसाला वाट देते. ते ताज्या दाढीवर झोंबते, म्हणून ज्या दिवशी दाढी केली नसेल त्या रात्री लावावे आणि दिवसा सनस्क्रीन वापरावे. औषधाच्या दुकानातून बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांसारखे स्टेरॉइड असलेली ट्यूब स्वतःच्या मनाने आणून लावणे मात्र घातक ठरते. लाली दोन दिवसांत जाते खरी, पण पुढे त्वचा पातळ होते, मुरुमे वाढतात आणि ट्यूब थांबवताच जळजळ दुपटीने परतते; बुरशीचा संसर्ग असेल तर तो झाकला जाऊन पसरतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत. फोड जाईपर्यंत काही आठवडे वस्तरा बाजूला ठेवून ट्रिमरने एखादा मिलिमीटर केस राखावेत, आणि तेवढ्यानेही पू किंवा गोल चकते दिसत राहिले तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.